उलट्या टोकाचं माप

१

नव्या फ्लॅटची किल्ली हातात पडली त्या सकाळी धाकट्यानं सगळ्यात आधी काय केलं, तर खिशातून टेप काढली आणि गुडघ्यांवर बसून दाराची रुंदी मोजली. लवंगीनं कपाळावर हात मारून घेतला. माणसं नव्या घरात शिरली की खिडकीतून बाहेर बघतात, एकमेकांकडे बघून हसतात. आमच्याकडे नवरा उंबऱ्याशी रांगत होता, हे ती पुढे कितीतरी दिवस भेटेल त्याला रंगवून सांगायची. पण धाकट्याच्या जिवाला एकच घोर लागला होता. आईवडिलांच्या घरातलं मोठं कपाट या दारातून आत जाणार की नाही?

गेलं. तिरकं करून, एक कड पुढे, एक मागे, आजारी माणसाला चालवावं तसं हळूहळू ते आत आलं आणि भिंतीला लागून उभं राहिलं. कपाटाचा माथा आणि छत यांच्यामध्ये जेमतेम एक बोट जाईल एवढी फट उरली. कपाटाच्या मापानंच घर घेतलंय की काय, असं हमाल म्हणाला, आणि त्या एका वाक्यावर धाकटा दिवसभर खूश होता.

धाकटा म्हणजे दोन भावांतला धाकटा. त्याला सगळे त्याच नावानं हाक मारत. आठवीत शाळा सुटली आणि तो वडिलांच्या हाताखाली सुतारकामाला लागला. आता एका फर्निचरच्या कारखान्यात होता. हात सोन्याचे, पण बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. लवंगी अगदी उलटी. अंगानं एवढीशी, जीभ तिखट, म्हणून ते नाव. ती कपडे अल्टर करायच्या दुकानात बसे. लोकांच्या पॅन्टी आखूड करता करता त्यांच्या घरातल्या भानगडींचा उलगडा करून ठेवत असे. धाकटाही उंचीला बेताचाच, तिच्याहून दोन बोटं जास्त. दोघं शेजारी उभी राहिली की दोरीवरच्या दोन चिमट्यांसारखी दिसत, आणि त्याचा दोघांनाही अभिमान होता. पायरी न शोधता एकमेकांच्या कपाळाला कपाळ टेकवता येतं, ही काय थोडी चैन आहे का, असं लवंगी म्हणे.

आईवडील जाऊन दोन वर्षं झाली होती. थोरला भाऊ परगावी एका खोलीत राही. माझ्या खोलीत मी मावतो हेच नशीब, सामान तूच ने, असं त्यानं कळवलं होतं. म्हणून कपाट आलं, आजीचा लंबगोल आरसा आला, फोटोंच्या सहा चौकटी आल्या, आणि पाच खुर्च्या आल्या. नव्या सामानापैकी एक शोरूमचं टेबल होतं, सोळा स्क्रू आणि एक वाकडी किल्ली घेऊन खोक्यातून आलेलं. एक सोफा होता, फुंकर मारली तर उडेल असा. आणि एक वाकलेल्या दांडीचा दिवा, ज्याला लवंगीनं पहिल्याच दिवशी ‘बगळा’ म्हणायला सुरुवात केली.

२

त्या पाच खुर्च्यांची गोष्ट निराळी होती. धाकट्याच्या घराण्यात खुर्ची माणसाच्या मापानं व्हायची. आजोबांनी एक लाकडाची पट्टी करून ठेवली होती. घरात कुणी मोठं झालं, कुणी लग्न होऊन आलं, की त्याला स्टुलावर बसवायचं, पाय अनवाणी जमिनीवर, पट्टी पोटरीला लावून उभी करायची, आणि गुडघ्याच्या मागे जिथे वाकण पडते तिथे पटाशीनं एक खाच. त्या खाचेवरून त्या माणसाची खुर्ची. टेप लावायची नाही, आकडा लिहायचा नाही. आकडा विसरतो, खाच विसरत नाही, असं आजोबा म्हणत. सासरी जाणाऱ्या लेकींचं माप घेत नसत, आणि थोरला माप द्यायच्या आधीच परगावी गेला होता. आजोबांची, आजीची, वडिलांची, आईची आणि धाकट्याची अशा पाच खुर्च्या शोरूमच्या गुळगुळीत टेबलाभोवती मांडल्या तेव्हा त्या शाळेच्या ग्रुप फोटोसारख्या दिसायला लागल्या: कुणी उंच, कुणी बुटकं, सगळे आपापल्या जागी.

लवंगी आईच्या खुर्चीवर बसे. एक दिवस जेवता जेवता ती म्हणाली, "सगळ्यांची खुर्ची आहे, माझी नाही. मी काय पाहुणी आहे?"

म्हणाली हसत, पण धाकट्याला त्या हसण्याखालचं ऐकू आलं. लवंगी लहानपणापासून दुसऱ्यांच्या घरी वाढली होती. मावशीकडे दोन वर्षं, काकांकडे तीन, मग वसतिगृह. जिथे गेली तिथे तिला बसायला जागा मिळायची ती दुसऱ्या कुणाची तरी. त्यानं हातातला घास ताटात परत ठेवला. लग्नाला दीड वर्ष झालं, आणि आपण सुतार असून ही एक गोष्ट आपल्याला सुचली नाही.

त्याच रविवारी त्यानं तिला स्टुलावर बसवलं. ती लोकांची मापं घेणारी, आज स्वतःचं माप द्यायला बसली म्हणून तिला हसू आवरेना. गुदगुल्या होतात म्हणून तिनं दोनदा पाय झटकला. शेवटी खाच पडली. पट्टी आता सहा खाचांची झाली.

आणि मग एवढी सुंदर वस्तू कपाटात कशाला ठेवायची, भिंतीवर लावू, असं दोघांनी ठरवलं. पट्टी मळलेली होती. तिच्या एका टोकाला काळं काहीतरी थापलेलं होतं, डांबरासारखं, नखानं निघत नव्हतं. धाकट्यानं दुपारभर बसून पॉलिश कागदानं ते घासून काढलं, मेण लावलं, आणि पट्टी अशी लखलखीत केली की दोन्ही टोकं जुळ्या भावांसारखी दिसायला लागली.

३

सोमवारी पट्टी काखेत मारून तो कारखान्यात गेला. जेवणाच्या सुट्टीत आणि काम सुटल्यावर असं करत करत आठवड्यात खुर्ची झाली. पाय कापायच्या वेळी एकदा त्याच्या मनात आलं की लाकूड जरा जास्तच दिसतंय. पण धाकट्याचा स्वतःच्या डोळ्यांवर एवढा विश्वास नव्हता जेवढा आजोबांच्या पट्टीवर. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाला एक खोड लागते, दुसऱ्यानं आखलेली रेघ आपल्या अंदाजापेक्षा खरी वाटते. त्यानं खाचेवर पेन्सिल टेकवली आणि करवत चालवली.

खुर्ची घरी आली. लवंगीनं तिच्याभोवती एक फेरी मारली, पाठीवरून हात फिरवला, आणि ऐटीत बसली. तिचे पाय जमिनीपासून चार-पाच बोटं वर लोंबकळत राहिले.

दोघांनीही खाली वाकून पायांकडे पाहिलं. मग लवंगीनं पाय झुलवायला सुरुवात केली, आणि तिला जे हसू फुटलं ते काही थांबेना. धाकट्याचा चेहरा उतरला. त्यानं धावत जाऊन पट्टी आणली, तिच्या पायाला लावली, उलटी करून पुन्हा लावली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं. त्यानं माप उलट्या टोकानं धरलं होतं. तिची खाच पाडताना काळं टोक खाली होतं, आणि ते काळं त्यानं स्वतःच घासून काढलं होतं.

तो ताबडतोब करवत शोधायला लागला. लवंगीनं हात धरून थांबवलं. माझ्या नावाची आयुष्यातली पहिली खुर्ची आहे, तिला कुणी हात लावायचा नाही, असं तिनं बजावलं. शिवाय इथून फार छान दिसतं, तुला काय कळणार. राणीला कधी पाय टेकायची घाई असते का?

४

मग घर लावायचं काम जोरात सुरू झालं. दोघांचे ते दिवस इतके मजेत गेले की धाकट्याला कामावर शीळ घालताना मिस्त्रीनं पहिल्यांदाच ऐकलं. लवंगी रोज काहीतरी नवं करी. सोफ्यावर आजीच्या जुन्या शालीचे अभ्रे आले. बगळा कोपऱ्यातून टेबलाशी आला. तिनं दुकानातली कामं घरी आणायला सुरुवात केली आणि ती आपल्या खुर्चीवर बसून टाके घाली, गुणगुणत. पूर्वी ती कधी गात नसे.

फोटोंच्या चौकटी दोघांनी मिळून लावल्या होत्या. एक दिवस तो घरी आला तर त्या हातभर वर चढल्या होत्या. अशाच बऱ्या दिसतात, ती म्हणाली. खरंच बऱ्या दिसत होत्या. चौकटी वर लावल्या की खोली उंच वाटते, हे सुतारालाही ठाऊक असतं. डोळ्याला फसवणं हा अर्धा धंदाच आहे. शेजारीण डोकावली तीही म्हणाली की तुमचं छत आमच्यापेक्षा उंच वाटतं बाई. त्या आठवड्यात आरसाही वर गेला. सकाळी दाढी करून धाकटा आरशासमोर उभा राहिला तर त्यात त्याला फक्त स्वतःचा भांग दिसला.

"भांग तरी सरळ आहे ना? मग झालं," लवंगी म्हणाली आणि त्याच्या डोक्यावर टपली मारून पुढे गेली.

टपली. धाकटा तिथेच उभा राहिला. आजवर तिनं टपली मारली की ती कपाळावर बसे. ही बरोबर माथ्यावर बसली होती.

हे असलं काही मनात धरणारा तो माणूस नव्हता. नवीन चपला असतील, त्यानं स्वतःला सांगितलं. पण चपला जुन्याच होत्या. वरच्या फळीवरचे डबे काढायला ती जे स्टूल वापरे त्यावर आता झाडाची कुंडी बसली होती. आणि एका दुपारी ती स्वतःच्याच स्कर्टची शिवण उसवून खालची पट्टी मोकळी करताना त्याला दिसली. कापड आटलं, ती म्हणाली. त्या कापडाचा स्कर्ट शिवताना, हे जन्मात आटायचं नाही, असं तिनंच छातीठोकपणे सांगितलं होतं.

सुट्टीच्या दिवशी तो कपाटावरची धूळ पुसायला चढला. फडकं बोटाला गुंडाळून फटीत घातलं, आणि बोटाच्या मागून त्याचा सबंध पंजा उभाच्या उभा आत गेला. मनगटापर्यंत. त्यानं हात बाहेर काढला, पुन्हा घातला. लाकूड सुकतं, आक्रसतं, मान्य. पण चार पिढ्यांचं सुकलेलं कपाट आठ आठवड्यांत वीतभर आक्रसत नाही. त्यानं टेपनं कपाट मोजलं. कपाट होतं तेवढंच होतं.

छत मोजायचं मात्र त्यानं टाळलं. टेप पुन्हा खिशात टाकली, खाली उतरला, आणि लवंगीनं केलेला चहा दोन कप प्याला.

५

एका दुपारी मिस्त्रीनं त्याला दुसऱ्या कुणाच्या घरी बिजागरी बसवायला पाठवलं होतं. काम लवकर संपलं, वाटेतच घर, म्हणून तो वर आला. किल्लीनं दार उघडलं. लवंगी टेबलाशी आपल्या खुर्चीवर बसली होती. मांडीवर कुणाचा तरी शर्ट, सुई हवेत थांबलेली. खिडकीतून ऊन आलं होतं. तिचे दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकले होते, टाचांसकट.

ती ऐकत होती. तोंडावर ते मन लावून ऐकण्याचं हसू, मान थोडी वर, नजर टेबलाच्या पलीकडे, बगळ्याच्याही वर. घरात कुणी वडीलधारं आलं की आपण कसे पाय जवळ घेऊन, पाठ सरळ करून, सावरून बसतो, तशी ती बसली होती. एकदा तिनं मान हलवली. हो, असं. मग हसली.

धाकट्यानं घसा खाकरला. ती अजिबात दचकली नाही. आलास, बस ना, म्हणाली, आणि उठून पाणी आणायला गेली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पाच जुन्या खुर्च्या आपापल्या जागी होत्या, रिकाम्या.

पाणी पिता पिता त्यानं विचारलं, कुणाशी बोलत होतीस. शब्द जुळवायला त्याला बराच वेळ लागला.

"बोलत कुठे होते? नुसती बसले होते." तिनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "इथे बसलं की बरं वाटतं. घरात कुणीतरी मोठं माणूस आहे, असं. मला कधी ते ठाऊकच नव्हतं ना."

एवढं बोलून ती त्याच्या जवळ आली आणि नेहमीसारखं कपाळाला कपाळ टेकवायला गेली. त्यासाठी तिला वाकावं लागलं. ती वाकली, आणि तिचं तिलाच इतकं हसू आलं की धाकट्यालाही हसावं लागलं. मग कामावर परतताना तो जिन्याच्या पायऱ्या मोजत उतरला. त्याला तिची भीती वाटत नव्हती. तिच्या हसण्यात तसूभर फरक नव्हता. त्याला भीती वाटत होती ती एवढीच की ही अशी वर वर चाललीये, आणि एक दिवस आपण तिच्या नजरेत मावणार नाही.

६

आत्या घर बघायला आली ती दोन पिशव्या, गुडघ्यांचं दुखणं आणि सबंध खानदानाच्या बातम्या घेऊन. ती वडिलांची थोरली बहीण, त्या पट्टीच्या आजोबांची लेक. तिच्यापुढे लवंगीसुद्धा फिकी पडे. दारातूनच तिनं सोफ्याला नावं ठेवली, टेबलाला टिचकी मारून हे लाकूड आहे की बिस्कीट असं विचारलं, आणि कपाटाच्या दाराला गाल लावून क्षणभर डोळे मिटून उभी राहिली. जेवताना ती आपल्या आईच्या खुर्चीवर बसली. लहानपणी यावर बसायची बंदी होती मला, आज कोण अडवतंय बघते, असं म्हणाली. तिघंही इतकी हसली की शेजारणीनं भिंतीवर थाप मारून, आम्हालाही सांगा की, असं ओरडून विचारलं.

जेवण झाल्यावर आत्या भिंतीवरची पट्टी बघायला उठली. कौतुकानं तिनं सहा खाचा मोजल्या. मग तिचा हात खालच्या टोकाशी थांबला, वर गेला, वरच्या टोकाशी थांबला.

काळं कुठे गेलं, तिनं विचारलं. धाकट्यानं खाली मान घालून सांगितलं, घासून काढलं. तिनं टोकावरून अंगठा फिरवला. काळं टोक जमिनीला, असं बाबा सांगायचे, ती म्हणाली. पट्टी उलटी धरलेली दिसली की हातातून हिसकावून घ्यायचे, ते टोक आपल्या माणसांच्या मापाचं नाही म्हणायचे. धाकट्यानं विचारलं, उलट्या टोकानं मोजलं तर काय होतं?

"काय व्हायचंय? खुर्ची चुकते," आत्या म्हणाली. पण हे म्हणताना तिनं लवंगीच्या खुर्चीकडे पाहिलं नाही. आल्यापासून एकदाही पाहिलं नव्हतं, हे धाकट्याला तेव्हा जाणवलं.

निघताना लवंगीनं तिला जवळ घेतलं, पुन्हा लवकर यायचं वचन घेतलं. धाकटा तिला पोचवायला लिफ्टपर्यंत गेला. लिफ्ट आली, दार उघडलं, तरी आत्या आत जाईना. तिनं त्याचं मनगट धरलं. तिची बोटं गार पडली होती.

"धाकट्या, तुझ्या लग्नात मी तिला वाकून जवळ घेतली होती. आत्ता तिनं मला वाकून घेतलं."

त्यानं लिफ्टचं मिटायला आलेलं दार पायानं अडवलं.

"काप ती खुर्ची. आज, उजेड आहे तोवर. आणि तिला विचारत बसू नकोस."

७

लवंगी स्वयंपाकघरात भांडी धूत होती. पाण्याचा आवाज येत होता, तिचं गुणगुणणं येत होतं. धाकट्यानं खुर्ची उलटी करून जमिनीवर ठेवली. काटकोन बघायचा गुण्या लावून चारही पायांवर पेन्सिलची रेघ मारली, या वेळी बरोबर टोकानं. एक पाय गुडघ्यात धरला, करवतीचं पातं रेघेवर टेकवलं, आणि धार बसावी म्हणून एकदाच, हलकेच, मागे ओढलं.

"आई गं," लवंगी आतून म्हणाली. मग हसून, "काहीतरी लागलं बघ पायाला."

त्यानं करवत खाली ठेवली. मग उठून आत गेला. तिच्या डाव्या नडगीवर एक बारीक लाल ओरखडा उमटला होता, सरळ, काटकोनात, पट्टीनं आखावा तसा. ती ओल्या हातानं तो चोळत होती. भांड्याची कड लागली असेल, ती म्हणाली. धाकट्याला ते पटलं. खरं सांगायचं तर त्यानं ते पटवून घेतलं. कड लागते, सगळ्यांना लागते.

पण सुतार एकदा माप घेऊन थांबत नाही. तो परत खुर्चीशी आला आणि स्वतःची लाज वाटत असतानाही त्यानं दुसऱ्या पायावर, मागच्या बाजूला, अंगठ्याचं नख दाबलं.

आतलं गुणगुणणं थांबलं. आता पोटरीला कुणी चावतंय, डास झालेत वाटतं घरात, असं तिनं ओरडून सांगितलं.

धाकट्यानं करवत दूर सारली. मेणाची डबी आणली आणि ज्या पायावर पात्याचा ओरखडा होता त्यावर बोटानं मेण लावलं. हळू, गोल गोल, पोराचा गुडघा फुटल्यावर आई लावते तसं. स्वयंपाकघरातून काही वेळ नुसता पाण्याचा आवाज आला. मग ती पुन्हा गायला लागली.

८

त्यानंतर तीन दिवस त्यानं खूप विचार केला. खुर्ची कारखान्यात नेऊन ठेवावी, तर तिथे पन्नास माणसं, पन्नास करवती. ती घराबाहेर जाऊ द्यायची नाही, एवढं नक्की झालं. कापायची नाही, हेही. लवंगीला सांगावं म्हणून तो दोनदा तोंड उघडून बसला, आणि दोन्ही वेळा त्याच्या ध्यानात आलं की तिला ठाऊक आहे. सगळं ठाऊक आहे. ती त्याच्याशी बोलताना आता खाली बसून घेई, म्हणजे त्याला मान वर करावी लागू नये. एवढी काळजी माणूस न कळता घेत नाही. आणि ती सुखात होती. लोकांच्या घरी अंग चोरून वाढलेली मुलगी पहिल्यांदा पाय पसरून जगत होती. तिला ओढून पुन्हा खाली आणायचं, तेही करवतीनं? त्यापेक्षा आपणच वर का जाऊ नये?

हा विचार इतका सोपा होता की त्याला आधी हसू आलं, आणि मग घाम फुटला.

चौथ्या दिवशी तो पट्टी काखेत मारून कारखान्यात गेला. सकाळच्या स्वच्छ उजेडात त्यानं स्वतःची खाच शोधली, वडिलांनी पाडलेली. मग पट्टी सावकाश फिरवली आणि उलट्या टोकावर उभी केली. या वेळी चूक नव्हती. खुर्चीचं लाकूड त्यानं निवडून घेतलं, सांधे असे बसवले की केस जाणार नाही. आजवर केलेल्या कामात ते सगळ्यात देखणं काम होतं. मिस्त्री येऊन बघून गेला. कुणासाठी, असं त्यानं विचारलं. माझ्यासाठी, धाकटा म्हणाला. तुझे पाय पोचायचे नाहीत, मिस्त्री म्हणाला. माहीत आहे, धाकटा म्हणाला.

रविवारी सकाळी त्यानं खुर्ची घरात आणली. लवंगीनं दार उघडलं, खुर्चीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिला काही विचारावं लागलं नाही. तिचे डोळे भरून आले. आणि लगेच, डोळे भरलेले असतानाच, ती हसली. तिनं पाचातली धाकट्याची जुनी खुर्ची उचलून भिंतीशी ठेवली, आणि नवी टेबलाशी, आपल्या शेजारी मांडली.

तो बसला. टाचा अधांतरी राहिल्या. पायांखाली काही नाही हे जाणवलं, आणि त्यानं टेबलाची कड घट्ट धरली. लवंगीनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला.

मग त्यानं मान वर केली आणि त्याला आपलं घर दिसलं. एवढे दिवस तो ज्या घरात मान वर करून वावरत होता ते घर इथून पाहिलं तर कुठेच चुकलेलं नव्हतं. समोरच्या आरशात त्याचा चेहरा बरोबर मधोमध होता. फोटोतली आई अगदी डोळ्यांच्या रेषेत होती. आजीच्या शालीचे रंग, बगळ्याचा उजेड, कपाटाच्या माथ्यावरची प्रशस्त मोकळी जागा, सगळं कुणीतरी फार प्रेमानं, फार नीट लावलं होतं, इथून बघणाऱ्यासाठी. त्याला रडू येईल असं वाटलं. इतकी सुंदर खोली त्यानं कधी पाहिली नव्हती.

खिडकीतलं ऊन हललं. ढग आला असेल, त्याला वाटलं. पण ऊन फक्त टेबलाच्या पलीकडच्या बाजूला हललं होतं, कुणी खुर्ची ओढून बसताना हलतं तसं. नुकताच रंधा मारलेल्या लाकडाचा वास आला. लवंगीनं पाय जवळ घेतले, पाठ सरळ केली.

टेबलाच्या पलीकडे, टेबलाच्या कडेहून वर, दोन गुडघे होते.

शेजारी शेजारी, अदबीनं जुळवलेले, पाहुण्यांकडे गेल्यावर आपण ठेवतो तसे. त्यांच्यावरून करड्या कापडाची घडी खाली उतरत होती आणि एका गुडघ्यावर एक हात शांत ठेवलेला होता, मोठा, कामाचा हात. घाबरण्याआधी धाकट्याच्या डोक्यानं सवयीनं माप घेतलं: हे गुडघे एवढ्या उंचीवर यायचे तर त्या खुर्चीचे पाय किती हवेत. आणि उत्तर आलं तेव्हा त्याची नजर तिथेच खिळली. वर जाईना.

"हा माझा नवरा," लवंगी म्हणाली. वर बघून म्हणाली, आणि तिच्या आवाजात असा अभिमान होता की कुणीही फुलून यावं. "जरा लाजतो. पण सगळं घर त्याच्या हातचं आहे."

गुडघ्यावरच्या हाताची बोटं किंचित उघडली, बरं, बरं, असं म्हटल्यासारखी.

 अजून टाचा अधांतरी आहेत, एक उडी मारली की खाली, दार चार पावलांवर. लवंगीच्या हाताची पकड सैल होती. ती त्याला धरून ठेवत नव्हती. टेबलाखाली तिनं आपल्या पायानं त्याच्या लोंबत्या पायाला हळूच ढोसलं, लग्नात लोकांसमोर त्याची बोबडी वळली होती तेव्हा ढोसलं होतं, तसं.

"वर बघ ना," ती अगदी हळू म्हणाली.

त्यानं घामेजलेला हात पॅन्टीला पुसला. शर्टाची कॉलर नीट केली. आणि घरात कुणी मोठं माणूस आलं की जसं हसायचं असतं तसं हसत त्यानं वर पाहिलं.